१२५ अब्जांच्या बातमीत हेक्टरी ४ डॉलर हरवले

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ब्राझीलमधील बेलेम येथे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘ट्रॉपिकल फॉरेस्ट फॉरएव्हर फॅसिलिटी’ हा वर्षावनांसाठीचा निधी जाहीर झाला. आपल्याकडच्या बहुतेक बातम्या १२५ अब्ज डॉलर या आकड्यापाशी थांबल्या. भारत त्यात निरीक्षक म्हणून सामील झाला, हे कुठेतरी शेवटच्या परिच्छेदात आले. हा आकडा वाचून जंगलांना १२५ अब्ज मिळणार असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. १२५ अब्ज हे गुंतवायचे भांडवल आहे. जंगलांसाठी त्यातून वर्षाला साधारण ४ अब्ज निघावेत अशी आखणी आहे. ते शंभर कोटी हेक्टरांवर वाटले की हेक्टरी ४ डॉलर पडतात, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. या योजनेचे भले-बुरे ठरणार आहे ते या ४ डॉलरांच्या नियमांवर. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब पाहू. एखाद्या देशाकडे निकषात बसणारे १० लाख हेक्टर जंगल आहे असे धरा. त्याला वर्षाला ४० लाख डॉलर मिळायला हवेत. त्या वर्षी १,००० हेक्टर तुटले, म्हणजे ०.१ टक्का. तुटलेल्या एका हेक्टरमागे शंभर हेक्टरांचे पैसे कापायचे असा नियम आहे. त्यामुळे १ लाख हेक्टरांचे ४ लाख डॉलर गेले आणि हाती ३६ लाख राहिले. तोडीचा दर वाढला की कपातीचा गुणक १०० वरून २०० पर्यंत चढतो. ५,००० हेक्टर तुटले, म्हणजे ०.५ टक्के, आणि २०० चा गुणक लागला, तर चाळीसच्या चाळीस लाख कापले जातात. ०.५ टक्क्याच्या वर गेलेला देश त्या वर्षी पात्रच ठरत नाही. आगीने खराब झालेल्या एका हेक्टरमागे ३५ हेक्टरांची, म्हणजे १४० डॉलरची कपात आहे.

म्हणजे देशाच्या तिजोरीला खरा चिमटा बसतो तो हेक्टरी ४००–८०० डॉलरच्या दंडाचा. आता दुसरी बाजू पाहा. एक हेक्टर पामच्या बागेतून वर्षाला साधारण साडेतीन टन तेल निघते. टनाला हजार डॉलरच्या आसपास भाव धरला तर ती साडेतीन हजार डॉलरची उलाढाल होते, आणि तीही दरवर्षी. ही कमाई बागायतदार कंपनीच्या खिशात जाते आणि दंड अर्थखात्याला बसतो. चेनसॉ हातात असलेल्या माणसापर्यंत तो दंड आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचवायचा तर बँकेचे कर्ज, जमिनीचा सातबारा, गुरांची खरेदी-विक्री, रस्त्यांचे ठेके या सगळ्यांत सरकारला हात घालावा लागतो. ब्राझीलने एकदा हे करून दाखवले आहे आणि एकदा ते मोडूनही दाखवले आहे, म्हणून त्या अनुभवाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटले. २०१२ साली हा आकडा ४,५७१ वर आला. या घसरणीचे श्रेय अनेकदा नॉर्वेच्या पैशाला दिले जाते. पण ‘अ‍ॅमेझॉन निधी’ हा तो पैसा घेणारा ब्राझीलचा निधी स्थापन झाला ऑगस्ट २००८ मध्ये आणि पैसे यायला लागले त्यानंतर. तोड निम्म्याहून खाली आली ती त्याच्या आधी. २००४ मध्ये ब्राझील सरकारने तोड रोखण्याची कृती योजना आखली आणि त्याच वर्षी त्यांच्या अवकाश संशोधन संस्थेने ‘डेटर’ ही उपग्रहाधारित इशारा यंत्रणा सुरू केली. ताज्या तोडीचे ठिकाण कळले की पर्यावरण खात्याची पथके तिथे जात आणि त्या तुकड्यावर बंदी घालत. दंडाची रक्कम वसूल होणे तिथेही दुर्मीळच आहे, पण बंदीचा उपयोग झाला, कारण बंदी घातलेल्या जमिनींची यादी जाहीर होते आणि तिथला माल उघडपणे विकत घेता येत नाही. २००७ च्या अखेरीस सर्वाधिक तोडीच्या नगरपालिका क्षेत्रांची यादी काढायचा हुकूम निघाला. पहिल्या यादीत ३६ क्षेत्रे होती. २००८ मध्ये मध्यवर्ती बँकेने अ‍ॅमेझॉनमधील शेतीकर्जाला पर्यावरणाच्या कागदपत्रांची अट घातली. कर्ज अडले तेव्हा शेतकरी संघटना जाग्या झाल्या. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज अडले की गावात काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

या प्रयत्नांना बक्षीस देण्याचे काम अ‍ॅमेझॉन निधीने केले. त्याचे सूत्र असे होते. मागच्या दहा वर्षांच्या तोडीची सरासरी काढायची, या वर्षीची तोड त्यातून वजा करायची, उरलेल्या क्षेत्राला हेक्टरी १०० टन कार्बन लावायचा (हा आकडा मुद्दाम कमी धरलेला होता), त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ ने गुणायचे आणि टनाला ५ डॉलर धरायचे. सरासरीपेक्षा १,००० चौरस किलोमीटर, म्हणजे १ लाख हेक्टर कमी तुटले, तर ३ कोटी ६७ लाख टन आणि १८ कोटी ३५ लाख डॉलर. तेवढ्या रकमेपर्यंत देणग्या घेण्याचा अधिकार ब्राझीलला मिळे. देणगीदाराला मिळे एक प्रमाणपत्र. ते विकता येत नसे आणि ते दाखवून स्वतःच्या देशातील धूर माफही करून घेता येत नसे. ही अट फार मोलाची होती. २०१९ पर्यंतच्या देणग्यांत नॉर्वेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. स्वतः तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेला देश हा पैसा देत होता, ही विसंगती ब्राझीलमध्येही कोणाच्या नजरेतून सुटली नव्हती.

या सूत्राची खोट सरासरीत होती. जो काल जास्त तोडत होता त्यालाच आज कमी तोडल्याबद्दल बक्षीस मिळते. गॅबन, गयाना, सुरीनाम या देशांनी जंगल जवळजवळ राखले, म्हणून त्यांच्यापाशी ‘घट’ दाखवायला काहीच नाही. गावात जन्मभर उधारी न केलेल्या माणसाला कोणी पत देत नाही, तसा हा प्रकार. गयानाबरोबर २००९ मध्ये आणि गॅबनबरोबर २०१९ मध्ये नॉर्वेने वेगळे करार केले ते याच अडचणीतून वाट काढायला. गयानाला २५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम ठरली होती, पण ती आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मंजुरीच्या साखळीतून जायची. पैसे खात्यावर जमा, प्रकल्प मात्र कागदावर, अशी वर्षे गेली. नवा निधी उभ्या जंगलाच्या हेक्टरांवर पैसे देतो आणि ही जुनी खोट दुरुस्त करतो. तो त्याचा खरा गुण आहे, आणि १२५ अब्जांच्या गजरात नेमके तेच ऐकू आले नाही.

आता करार कुठे मोडतात ते पाहू. ब्राझीलमध्ये २०१९ साली नव्या सरकारने अ‍ॅमेझॉन निधीच्या दोन्ही समित्या बरखास्त केल्या. ज्यांनी पैसा कुठे जायचा ते ठरवायचे तीच माणसे नाहीत म्हटल्यावर नॉर्वे आणि जर्मनी यांनी त्याच ऑगस्टमध्ये देणग्या थांबवल्या. त्याच सुमारास तोडीचे आकडे वाढले म्हणून अध्यक्ष बोल्सोनारो यांनी त्या आकड्यांवरच शंका घेतली आणि अवकाश संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाओ यांना पद सोडावे लागले. २०२१ मध्ये तोड १३,०३८ चौरस किलोमीटरवर गेली. निधीत आधीच जमा असलेले पैसे या काळात तसेच पडून होते. समित्या पुन्हा आल्या १ जानेवारी २०२३ रोजी, अध्यक्ष लुला यांनी पदभार घेतला त्या दिवशी. २०२५ चा आकडा ५,७९६ आहे. बाहेरचा पैसा आतले राजकारण बदलत नाही. आतले राजकारण बदलले तर मात्र त्याचा उपयोग होतो, पथकांची वाहने चालू राहतात, आगीशी लढणाऱ्यांना पगार मिळतो.

इंडोनेशियात उलट घडले. तिथे खोट देणाऱ्याकडे होती. २०१० साली नॉर्वेने १ अब्ज डॉलरचे आश्वासन दिले. इंडोनेशियाने २०११ मध्ये मूळच्या जंगलांत आणि पीटच्या दलदलीच्या जमिनीवर नवे परवाने देणे थांबवले आणि २०१९ मध्ये ती बंदी कायम केली. ठरल्याप्रमाणे घट झाल्याची मोजणीही झाली, पण ५.६ कोटी डॉलरचा पहिला मोठा हप्ता येईना. सप्टेंबर २०२१ मध्ये इंडोनेशियाने करारच रद्द केला. एका वर्षाने नवा करार झाला तेव्हा तो हप्ता मिळाला. बारा वर्षे लागली म्हणायची. इक्वेडोरच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट तर आणखी थोडक्यात सांगता येते. जमिनीतले तेल जमिनीतच ठेवतो, निम्म्या किमतीचे ३.६ अब्ज डॉलर जगाने द्यावेत, असा प्रस्ताव २००७ मध्ये मांडला गेला. प्रत्यक्षात १.३ कोटी डॉलरच्या आसपास जमा झाले, २०१३ मध्ये तो गुंडाळला आणि नंतर तेल काढायला सुरुवात झाली. ते थांबवायचा कौल २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनीच दिला, ५९ टक्क्यांनी.

पीट जमिनीबद्दल दोन ओळी लिहिणे भाग आहे, कारण ‘जंगल तुटले’ आणि ‘पीट कोरडे पडले’ यांत आपल्या बातम्या फरक करत नाहीत. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. काही ठिकाणी त्याचा थर कित्येक मीटर खोल असतो. पाम किंवा कागदाची झाडे लावायला त्यात कालवे खणतात, पाणी वाहून जाते, थर सुकतो, बसतो आणि पेटतो. ही आग जमिनीखाली धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही, जोराचा पाऊसच लागतो. २०१५ मध्ये इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळाले. उपाय साधा आहे, कालव्यात बांध घालून पाण्याची पातळी वर आणायची. तिथल्या नियमाप्रमाणे ती जमिनीखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही. पण पाणी वर आले की पामच्या मुळांना ते सोसत नाही, म्हणून बांध फोडले जातात. काँगोच्या खोऱ्यात १,४५,५०० चौरस किलोमीटर पीट असल्याचे २०१७ मध्ये नकाशावर आले. त्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन आहे. वरचे जंगल तसेच राहिले आणि खालचे पाणी काढले, तर वरून मोजणाऱ्याला बराच काळ काही कळणार नाही. हेक्टर मोजणाऱ्या सूत्राला हा कार्बन दिसत नाही.

मोजणीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, आणि इथे भारताचा संबंध थेट येतो. ब्राझीलची वार्षिक मोजणी ‘प्रोडेस’ ३० मीटर तपशिलाच्या प्रतिमांवर होते. ऑगस्ट ते जुलै हे तिचे वर्ष आणि ६.२५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा ती धरत नाही. संपूर्ण साफ झालेले जंगल ती अचूक पकडते. रोजच्या इशाऱ्यांसाठी मात्र तपशील थोडा कमी चालतो, फेरी वारंवार हवी असते, कारण ढगांतून फट मिळण्याची वाट पाहायची असते. त्या कामात आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील ‘अविफ्स’ कॅमेऱ्याच्या प्रतिमा वापरल्या गेल्या. ५६ मीटर तपशील, ७४० किलोमीटर रुंद पट्टा, पाच दिवसांनी पुन्हा तीच जागा. आणि ब्राझीलने स्वतः घडवलेला ‘अमेझोनिया-१’ हा उपग्रह २८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५१ ने कक्षेत सोडला. निरीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या आपल्या प्रतिनिधींनी बोलण्यासारखे सर्वाधिक काही असेल तर ते याच विषयावर.

बोलायचे काय, तर आगीबद्दल. २०२४ चे उदाहरण घ्या. प्रोडेसप्रमाणे अ‍ॅमेझॉनमधील तोड तीस टक्क्यांनी घटून ६,२८८ चौरस किलोमीटरवर आली. त्याच वर्षी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या मोजणीत संपूर्ण ब्राझीलमधील प्राथमिक, म्हणजे मूळच्या जंगलाची हानी २८ लाख हेक्टर निघाली, आणि त्यातली दोन तृतीयांश आगीमुळे. जगभरच्या उष्ण कटिबंधात त्या वर्षी ६७ लाख हेक्टर प्राथमिक जंगल गेले. एकाने घट सांगितली, दुसऱ्याने विक्रमी हानी, आणि दोघेही आपापल्या व्याख्येप्रमाणे खरे. एक केवळ अ‍ॅमेझॉनमधील साफ केलेली जमीन मोजतो आणि त्याचे वर्ष जुलैत संपते. मोठ्या आगी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागल्या, म्हणजे त्या पुढच्या वर्षात गेल्या. दुसरा जळून छत्र गेलेले जंगलही धरतो आणि जानेवारी ते डिसेंबर मोजतो.

आगीला दंड वेगळा आणि कमी का, याचे कारण समजण्यासारखे आहे. दुष्काळात लागलेल्या आगीसाठी सरकारला तोडीइतका दोष देता येत नाही. पण वर्षावनात निसर्गतः आग लागतच नाही म्हटले तरी चालेल. तिथल्या झाडांच्या साली पातळ असतात, आगीची सवय नसते. पहिली आग गुडघाभर उंचीची, हळू सरकणारी. ती वरून दिसतही नाही. पण पातळ सालीची झाडे एक-दोन वर्षांत वाळतात, छत्राला भोके पडतात, ऊन खाली येते, पाचोळा कडकडीत होतो, आणि दुसरी आग खूप मोठी होते. तिसऱ्या आगीनंतर गवत शिरते. जमीन बळकावणाऱ्यांना ही पायरी चांगली ठाऊक आहे. आधी मोलाचे लाकूड काढायचे, मग झुडपे, मग काही हंगाम आग लावून रान ‘आपोआप’ मरू द्यायचे, शेवटी दोन ट्रॅक्टरांमध्ये साखळी बांधून उरलेले ओढून पाडायचे आणि कुरणाचे बी फेकायचे. ८०० डॉलरच्या तोडीचे १४० डॉलरच्या आगीत रूपांतर करण्याची ही सोय नियमात राहता कामा नये. एकाच तुकड्यावर पाच वर्षांत दुसऱ्यांदा आग दिसली तर ती तोड धरावी, एवढी सुधारणा पुरेशी आहे. उपग्रहाच्या नोंदी त्यासाठी आजही आहेत.

पैशाच्या बाजूला एक गोष्ट अशी आहे जी अर्थतज्ज्ञांच्या लेखांत येते आणि बातम्यांत येत नाही. १२५ अब्जांपैकी २५ अब्ज सरकारांनी द्यायचे आणि १०० अब्ज खासगी गुंतवणूकदारांकडून रोख्यांनी उभारायचे. ही रक्कम मुख्यतः विकसनशील देशांच्या जास्त व्याज देणाऱ्या रोख्यांत गुंतवायची. मिळालेल्या व्याजातून आधी खासगी गुंतवणूकदारांचे देणे, मग सरकारांचे, आणि उरेल ते जंगलांना. ४ अब्ज मिळायला १२५ अब्जांवर सगळे देऊन ३.२ टक्के उरायला हवेत. आर्थिक संकटात रोखे बुडाले तर पहिला फटका शेवटी उभ्या असलेल्याला, म्हणजे जंगलाला. शिवाय ते जास्तीचे व्याज भरतात तेही गरीब देशच. एका विकसनशील देशाने जास्त दराने घेतलेल्या कर्जाचा फरक दुसऱ्या विकसनशील देशाच्या जंगलाला मिळतो, आणि याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात. हे अगदी चूक आहे असे मी म्हणत नाही. अनुदानाचा पैसा दरवर्षी मागावा लागतो आणि निवडणुकीत उडतो, भांडवल निदान जागेवर राहते. पण श्रीमंत देशांनी ‘दिले’ हा शब्द जपून वापरावा.

प्रत्यक्ष भांडवलही अजून यायचे आहे. बेलेमची हवामान परिषद संपेपर्यंत सरकारांची आश्वासने ६.७ अब्जांच्या आसपास होती. त्यात नॉर्वेचे ३ अब्ज अटींसह आहेत, ब्राझील आणि इंडोनेशियाचे प्रत्येकी १ अब्ज, जर्मनीचे दहा वर्षांत १ अब्ज युरो. ब्रिटनने पैसे दिले नाहीत. त्रैराशिक मांडा. २५ अब्जांवर हेक्टरी ४ डॉलर, तर ६.७ अब्जांवर १ डॉलर ७ सेंट. बाकीचे आल्याशिवाय, किंवा देशांची संख्या कमी केल्याशिवाय, ४ डॉलर हा आकडा जाहिरातीपुरताच आहे. आणि जंगलतोड थांबवण्याचा कालबद्ध आराखडा परिषदेच्या अंतिम ठरावात आला नाही, तो यजमान देशाच्या स्वेच्छेच्या कामावर सोडला गेला.

मिळालेल्या रकमेतला किमान २० टक्के वाटा आदिवासी आणि स्थानिक समुदायांना द्यायचा, हे कलम मला या योजनेतले सर्वात धाडसी वाटते. आणि सर्वात सहज पोकळ होणारेही. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हाती आला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक वन विभागाकडे. हक्क गावाचा आणि शिक्का दुसऱ्याचा, म्हणून बांबू विकता येईना. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला तेव्हा हक्काला अर्थ आला. २० टक्क्यांचेही तसेच होणार आहे. पैसे कोणाच्या खात्यावर जातात, सही कोणाची, खर्चाची मंजुरी कोण देतो, तक्रार कुठे करायची, हे चार प्रश्न नियमांत लिहिले गेले नाहीत तर ‘समुदायांसाठी’ म्हणून खात्याच्या गाड्या येतील. सामूहिक हक्काचा कागदच नसलेल्या गावांचे काय, हा पाचवा प्रश्न.

जंगलाचा पैसा एका दाराने येतो आणि मालाचा पैसा दुसऱ्या दाराने जंगल घेऊन जातो. युरोपीय संघाचा जंगलतोड-मुक्त मालाचा कायदा या दुसऱ्या दाराला कडी घालतो. गुरे, कोको, कॉफी, पाम, रबर, सोयाबीन, लाकूड हा माल ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा नसल्याचे आयातदाराने दाखवायचे. ४ हेक्टरांहून मोठ्या शेताची हद्द नकाशावर द्यायची, लहान शेताला एक बिंदू पुरतो. कायदा २०२३ मध्ये आला आणि अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली, आता मोठ्या कंपन्यांसाठी ती डिसेंबर २०२६ वर गेली आहे. भारताला कमी जोखमीच्या गटात टाकले आहे, त्यामुळे कॉफी पाठवणाऱ्यांवरची तपासणी हलकी राहील. पण अंमलबजावणीतली पळवाट ब्राझीलच्या गुरांत दिसते. वासरू तोडलेल्या जमिनीवर जन्मते, तिथे वर्ष-दीड वर्ष वाढते, मग स्वच्छ कागदपत्रे असलेल्या गोठ्याला विकले जाते आणि कत्तलखाना शेवटच्या गोठ्याचाच पत्ता पाहतो. जन्मापासून कानात बिल्ला आणि प्रत्येक स्थलांतराचा परवाना त्याला जोडलेला, याखेरीज हे पकडता येत नाही.

आपण स्वतः या बाजारात कुठे आहोत, हेही लिहिले पाहिजे. भारत पाम तेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार आहे. वर्षाला ७५ लाख टनांहून अधिक, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियाचे. हेक्टरी साडेतीन टनांनी भागले तर एकवीस लाख हेक्टर बागा होतात. पुणे जिल्ह्याचे सगळे क्षेत्रफळ साडेपंधरा लाख हेक्टर आहे. या बागा सगळ्या काल-परवा जंगल तोडून लावलेल्या नाहीत, पण कोणत्या तशा आहेत हे विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. फरसाणापासून बिस्किटांपर्यंत सगळीकडे हे तेल आहे, वेष्टनावर ‘खाद्य वनस्पती तेल (पाम)’ लिहिले की काम झाले. २०२१ मध्ये ग्लासगो हवामान परिषदेच्या जंगलविषयक जाहीरनाम्यावर भारताने सही केली नाही, व्यापाराची अट जोडण्याला आपला आक्षेप होता. त्या आक्षेपात तथ्य आहे, अट नेहमी विकत घेणारा श्रीमंत घालतो. पण पाम तेलात विकत घेणारे आपण आहोत. शिवाय २०२१ च्या राष्ट्रीय मोहिमेत साडेसहा लाख हेक्टर नव्या पाम लागवडीपैकी निम्मे उद्दिष्ट ईशान्य भारताला दिले आहे, जिथे आपली उरलेली सदाहरित जंगले आहेत.

शेवटचा मुद्दा व्याख्येचा. आपल्या वन सर्वेक्षणात एक हेक्टरपेक्षा मोठ्या कोणत्याही जमिनीवर दहा टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, याला महत्त्व नाही. बागा, बांबू, ताडमाड सगळे त्यात येते. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत सदाहरित रान जाऊन रबर आले, तरी या आकड्यात काही कमी झालेले दिसत नाही. गोव्यात काजूचे तेच. निरीक्षकाचा उद्या सदस्य व्हायचे असेल, तर नैसर्गिक जंगल आणि लागवड वेगळी दाखवणारा नकाशा आधी हवा, नाहीतर आपले हेक्टर कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नयेत. हे काम अवघड नाही. रबर थंडीच्या अखेरीस पाने गाळते, सह्याद्रीतले सदाहरित रान गाळत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरची आणि पानगळीच्या ऐन भरातली, अशा एकाच जागेच्या दोन उपग्रह प्रतिमा शेजारी ठेवल्या की रबर वेगळे पडते. त्या महिन्यांत कोकणावर ढगही नसतात. काजूला मात्र ही युक्ती चालत नाही, तो बारमाही हिरवा असतो. तिथे गावोगाव जाऊन, तलाठ्याच्या पीकपाहणीशी ताडून, पायांनीच नकाशा करावा लागेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे